तवा तापलेला होता का

मी न्यायाधीश होणार हे वडिलांनी माझ्या निकालाआधीच जाहीर करून टाकलं होतं. नाशिकच्या वेशीवर, गंगापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची फुलशेती आहे; झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे फूलबाजारात माल उतरवताना कुणी विचारलं की पोरगी काय करते, तर वडील एका दमात सांगायचे, "दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग." समोरच्याला त्यातलं ‘प्रथम वर्ग’ तेवढं कळायचं. तो म्हणायचा, म्हणजे हुशार हाय. वडील म्हणायचे, हाय तर. मी तेव्हा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते आणि त्या पदाची परीक्षा अजून दिलेलीही नव्हती.

तयारी मात्र जोरात होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे चांगल्या मार्कांनी पदवी घेतली की कोर्टाची पायरी न चढताही परीक्षेला बसता यायचं. शहरातल्या एका क्लासमध्ये आम्ही रोज संध्याकाळी निकालपत्रं लिहायला शिकायचो. फळ्यावर हकिगत असायची: ‘अ’ने ‘ब’च्या घरात शिरून ‘क’ची पेटी नेली. आम्ही पुरावा तोलायचा आणि निकाल द्यायचा. वर्षभरात मी शंभरावर ‘अ’ तुरुंगात घातले असतील. काही सुटलेही, पण थोडे. निर्दोष सोडायचं तर कारणं जास्त लिहावी लागतात आणि पेपरात वेळ पुरत नाही, यावर आमच्या बाकावर एकमत होतं.

कायद्याने मला पहिला धक्का तिथेच दिला. दोन वर्षं घोकलेल्या कलमांचे नंबर एका सकाळी बदलले. जुनी संहिता गेली, नवी आली. खून भलत्याच आकड्यावर जाऊन बसला आणि चारशेवीस तर फसवणुकीचा राहिलाच नाही. वडील फार हळहळले. कायद्यातला तेवढा एकच आकडा त्यांना येत होता. मी पुन्हा पहिल्यापासून पाठांतराला बसले. नवे नंबर जिभेवर रुळतात न रुळतात तोच दुसरा धक्का आला. वरच्या कोर्टाने सांगितलं आणि राज्याला न्यायाधीशांच्या भरतीचे नियम बदलावे लागले. यापुढे जज व्हायचं तर आधी किमान तीन वर्षं वकिली केलेली हवी. नुसती सनद घेऊन घरी बसलेलं चालणार नाही. दहा वर्षं मुरलेल्या वकिलाने तसा दाखला द्यायचा आणि कोर्टाने तो मान्य करायचा.

आमच्या गल्लीत हा बदल माझ्यासाठीच केला गेला आहे असा समज पसरला. आत्याचा फोन आला की तुझ्यावर कुणाचा डोळा होता का. एका चुलत्यांना यामागे राजकारण दिसत होतं. कुणाचं आणि कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. चांदवडकडचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईला सून जज हवी होती. त्यांनी निरोप पाठवला की मुलगी पसंत आहे, तीन वर्षांनी बघू. आईने तो निरोप तिखटमिठासकट मला सांगितला आणि म्हणाली, जाऊ दे, तीन वर्षांनी आपण बघू.

राग मला आलाच. पण राग कुणावर धरायचा ते कळेना, म्हणून मी काळा कोट शिवायला टाकला.

नाशकातल्या चांगल्या वकिलांच्या ऑफिसात गेले तर तिथे आधीच माझ्यासारखे पाच-सहा भावी न्यायाधीश भिंतीला पाठ लावून बसलेले. नियम सगळ्यांनाच लागला होता. शेवटी एका मैत्रिणीच्या ओळखीने तासाभरावरच्या तालुक्याच्या कोर्टात एक सीनियर मिळाले. साठीचे, मालेगावच्या विणकर घरातले, मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे असेल, पण स्वतः अगदी हळू बोलणारे. त्यांनी माझे मार्क पाहिले, क्लासचं प्रमाणपत्र पाहिलं आणि विचारलं, वकालतनाम्यावर तिकीट कुठे लावतात. मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "बेटा, तीन महिने तोंड उघडायचं नाही. फक्त बघायचं."

मी बघितलं. सकाळी पट्टेवाला पुकारा करतो तेव्हा आपलं नाव नीट ऐकू आलं नाही तर केस निघून जाते, हे बघितलं. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, पन्नास केसेस असल्या तरी चालतात त्यातल्या सातच, हे बघितलं. कोर्टातल्या कारकुनाशी गोड बोललं नाही तर कायद्याची सगळी पुस्तकं मिळूनही एका कागदाची नक्कल मिळवून देत नाहीत, हेही. आणि सगळ्यात जास्त बघितलं ते डायसवर, न्यायाधीशांच्या खुर्चीत बसलेल्या मॅडमना.

त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. जुन्या नियमाने, वकिली न करता, थेट परीक्षा देऊन आलेल्या. म्हणजे मी थोडी आधी जन्मले असते तर त्या खुर्चीवर मी असते, हा हिशेब मी रोज सकाळी अकरा वाजता करायचे आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या चुका शोधायचे. त्या हळू होत्या. प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारायच्या. "थांबा, मला समजलं नाही," असं भर कोर्टात म्हणायच्या. जुने वकील चुळबुळ करायचे. बार रूममध्ये एक जण म्हणाले, यांना तीन वर्षं आमच्याकडे पाठवायला हवं होतं. मी मान डोलवली. नियमाची बाजू मी घेतली ती तेवढीच, आणि तीही दुसऱ्याच्या बाबतीत.

माझे तीन मुके महिने संपत आले तेव्हा तव्याची केस आली.

आरोपी सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची बाई. चाळिशी उलटलेली, अंगाने काटक. पावसाळा संपला की तिकडची माणसं नागली, म्हणजे नाचणी, आणि भात काढून द्राक्षबागांवर कामाला उतरतात. तिची टोळी दिंडोरीकडच्या एका बागेवर होती. टोळी घेऊन येणारा मुकादम आणि ती, यांच्यात जेवणावरून भांडण झालं आणि तिने तवा उचलून त्याच्या डोक्यात मारला. वकील लावण्याची तिची ऐपत नव्हती, म्हणून सरकारकडून वकील मिळाला, आणि त्या यादीत आमच्या सरांचं नाव होतं.

नुसतं मारलं असतं तर गोष्ट किरकोळ होती. पण फिर्यादीत लिहिलं होतं, ‘तापलेल्या तव्याने’. तापलेल्या वस्तूने इजा केली की गुन्हा वरच्या पायरीवर जातो, शिक्षा वाढते आणि आपसात मिटवताही येत नाही. म्हणजे सगळी केस एका प्रश्नावर उभी होती: तवा तापलेला होता का. सर मला म्हणाले, ही फाइल तू वाच.

आरोप वाचून दाखवायची तारीख डिसेंबरात होती. बाई सकाळी पाड्यावरून जीपने निघून, पुढे एसटी धरून वेळेवर आली होती. मॅडमनी आरोप सोप्या भाषेत वाचला आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का.

"कबूल," बाई म्हणाली. "आता जाऊ का?"

सरकारी वकिलांनी पेन उचललं. कबूल म्हटलं की काम संपतं. बोर्डावरची एक केस कमी. क्लासमध्ये आम्हीही कबुलीजबाबाचं निकालपत्र पाच ओळींत उरकायचो. मॅडमनी मात्र लिहिलं नाही. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय कबूल आहे?"

बाई म्हणाली, "तुम्ही म्हनाल ते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं, सरांना सांगितलं की आधी यांच्याशी नीट बोला, आणि केस दुपारवर ठेवली. सरांना दुसरीकडे उभं राहायचं होतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मी तिला कबुलीचे परिणाम समजावू लागले, तर ती माझ्यामागच्या घड्याळाकडे बघत होती. पाड्याकडे जाणारी शेवटची जीप चारला होती. ती चुकली तर स्टँडवर रात्र. घरी शेळ्या होत्या. थोड्या वेळाने ती दुसरं कारण बोलली. पोलिसांनी तवा नेला होता. बागेवरून आल्यापासून ती जावेच्या तव्यावर भाकरी करत होती आणि त्या तव्याला भाकरी चिकटत होती. "कबूल म्हनलं तर तवा आज देतील का गं पोरी?"

मी तिला खरं ते सांगितलं. तवा मुद्देमाल म्हणून कोर्टात जमा आहे. आणि गुन्हा शाबीत झाला तर ज्या वस्तूने तो केला ती परत मिळेलच असं नाही. सरकारजमा होईल, नाहीतर मोडीत काढतील.

तिने घड्याळावरची नजर काढली. "माझा तवा मोडतील?"

"मोडू शकतात."

दुपारी पुकारा झाला, मॅडमनी पुन्हा विचारलं. बाई मोठ्याने म्हणाली की कबूल नाय, काय पन कबूल नाय. सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, काय जादू केलीस. मी म्हटलं, मुद्देमालाचं कलम सांगितलं.

पुढच्या तारखांच्या मधल्या वेळात मी ती फाइल इतक्यांदा वाचली की आईने विचारलं, हीच परीक्षेला आहे का. भांडण काय झालं होतं ते बाईने बाकावर मला सांगितलंच होतं. दिवसभर बागेत काम करून बायकांनीच मुकादमालाही जेवण द्यायचं असा तिथला शिरस्ता होता. त्या दिवशी त्याने नागलीची भाकरी हातात घेतली, वाकवून बघितली आणि म्हणाला की टायरसारखी आहे. ती म्हणाली, मग गाडीला लाव. तो आणखी काही बोलला, ते तिने मला सांगितलं नाही. मग तवा.

फिर्यादीत टायरचा उल्लेख नव्हता. पण एके दिवशी स्टँडवर एसटीची वाट बघत असताना माझ्या ध्यानात आलं की त्यात दुसरंच काही आहे. मुकादमाने पोलिसांना सांगितलं होतं: ‘तिने मला तव्यावरून काढून भाकरी दिली. ती गार असल्याने मी विचारले असता तिने तापलेला तवा माझे डोक्यात मारला.’ भाकरी तव्यावरून काढली. भाकरी गार. तवा तापलेला. तीन ओळींत तिन्ही गोष्टी, आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी एसटी सोडून परत सरांच्या ऑफिसात गेले.

सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले की उलटतपासणी तू घे. मला वाटलं ते थट्टा करतायत. ते म्हणाले, "तीन प्रश्न विचारायचे आणि बसायचं. चौथा विचारलास तर मी उठून बाहेर जाईन."

फेब्रुवारीत मुकादम पिंजऱ्यात आला. पांढरा शर्ट, कपाळावर गंध, डोक्याला काही खूण नाही. समोरच्या टेबलावर तवा ठेवला होता. दोऱ्याने बांधलेलं लेबल, त्यावर नंबर आणि सह्या. बाई मागच्या बाकावरून त्याच्याकडेच बघत होती. मुकादमाकडे नव्हे, तव्याकडे. मी उठून उभी राहिले.

मी पहिला प्रश्न विचारला. भाकरी तिने तुमच्यासमोर तव्यावरून काढून दिली का. तो हो म्हणाला. दुसरा विचारला, भाकरी गार होती का. तो म्हणाला, एकदम गार, खाता येईना अशी. तिसरा, त्यावरूनच बोलाचाली झाली का. हो, त्यावरूनच.

मॅडम लिहीत होत्या. सरांनी घसा खाकरला. तिथे मी बसायला हवं होतं. पण मुकादम असा सरळ जाळ्यात आलेला मला दिसत होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं, आणि कोर्टातल्या सगळ्यांना ते कळावं असं मला फार वाटलं. मी चौथा प्रश्न विचारला. भाकरी गार होती, तर मग तवा तापलेला कसा असेल?

त्याने जरा विचार केला. मग म्हणाला, दुसरी भाकर टाकायची म्हणून तिनं परत जाळ घातला होता ना.

सर उठले. फाइल काखेत घातली, डायसकडे मान लववली आणि खरोखरच बाहेर गेले. मी उभी होते. पुढचा प्रश्न नव्हता, आणि बसायचं कसं तेही आठवत नव्हतं.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबा, मला समजलं नाही." हे वाक्य ऐकून मला प्रथमच बरं वाटलं. त्यांनी मुकादमाला विचारलं, दुसरी भाकरी तव्यावर टाकली होती का. तो म्हणाला, नाही. पीठ मळलेलं होतं का? ते बघितलं नाही. पहिली भाकरी हातात दिली आणि तवा मारला, यात किती वेळ गेला? तो म्हणाला, लगेच. बोललो आणि लगेच. "लगेच म्हणजे जाळ पेटायला वेळ मिळाला का?" मुकादम गप्प राहिला. मॅडमनी ते गप्प राहणंही लिहून घेतलं. मग त्यांनी तवा मागवला आणि हातात घेऊन पाहिला. वर्षानुवर्षं घासून तो पापडासारखा पातळ झाला होता. त्यांनी तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि परत दिला.

बाहेर सर चहा पीत उभे होते. ते रागावतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी मलाही चहा सांगितला आणि म्हणाले की त्यांनी स्वतः पहिल्या उलटतपासणीत अकरा प्रश्न जास्त विचारले होते आणि त्यांचा अशील आत गेला होता. एवढंच.

डॉक्टरांची साक्ष आमच्या बाजूने गेली. डोक्याला टेंगूळ होतं, भाजल्याची खूण नव्हती. आता फक्त आरोपीचा जबाब राहिला होता. पुराव्यात जे आलं ते आरोपीला सांगायचं आणि तुमचं काय म्हणणं आहे ते विचारायचं, असा तो भाग असतो. सरांनी मला बजावलं होतं की काय बोलायचं ते तिला शिकवायचं नाही. जे आहे ते तिने सांगायचं. मी शिकवलं नाही. नंतर काही दिवस मला त्याचा पश्चात्ताप होत राहिला.

एप्रिल होता. पंखा नुसता आवाज करत होता. मॅडम एकेक मुद्दा विचारत गेल्या आणि बाई खरं हाय, नाय, ठाव नाय, अशी उत्तरं देत गेली. मग मॅडम म्हणाल्या, फिर्यादी म्हणतो की तुम्ही तव्यावरून काढून दिलेली भाकरी गार होती. त्यावर तुमचं काय म्हणणं आहे?

बाई पदर खोचून पुढे आली. "खोटं हाय. माझी भाकर गार नसती. तवा चांगला तापलेला होता."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. पट्टेवाल्याने दरडावलं, पण तोही हसत होता. मी खाली बघत होते. चार महिने जे एक वाक्य कुणी बोलू नये म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते, ते आमच्याच आरोपीने मान वर करून सांगितलं होतं. मॅडमच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांनी फक्त ओठ जरा घट्ट मिटले आणि ते वाक्य तिच्याच शब्दांत लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं की मावशी, असं का म्हणालात. तिला माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं. ती म्हणाली, गार तव्यावर भाकर भाजती का? तू करतीस का? मी म्हटलं, मला भाकरी येत नाही. मग तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं आणि जीप गाठायला निघून गेली.

युक्तिवाद सरांनी केला, आणि तो पाच मिनिटांत संपला. त्यांनी सांगितलं की ही केस विचित्र आहे: मार खाल्लेला म्हणतो भाकरी गार होती आणि मारणारी म्हणते तवा गरम होता. दोघंही कोर्टाशी नव्हे, एकमेकांशीच बोलतायत. खूण मात्र डॉक्टरला दिसली नाही, आणि शाबीत करायचं काम सरकारचं आहे. सरकारी वकिलांनी आरोपीच्या जबाबावर भर दिला, तसा त्यांना द्यावाच लागणार होता.

निकालाच्या दिवशी बाईसोबत तिच्या पाड्यावरच्या चार-पाच बाया आल्या होत्या. मुकादमही होता. त्याची एक वेगळीच अडचण झाली होती. त्या पाड्यावरच्या बाया आता त्याच्या जीपमध्ये बसायला तयार नव्हत्या, आणि पुढच्या हंगामाला टोळी कुठून आणायची हा त्याच्यापुढे प्रश्न होता.

मॅडमनी वाचलं. आरोपीला स्वयंपाकाचा अभिमान आहे, पण तो अभिमान म्हणजे सरकारचा पुरावा नव्हे. तवा तापलेला होता हे शाबीत होत नाही. उरलं ते साधं मारणं, आणि ते फिर्यादीची इच्छा असेल तर कायद्याने मिटवता येतं. त्यांनी मुकादमाला विचारलं.

तो चुळबुळला. बायांकडे बघितलं. मग म्हणाला, "मिटवू, साहेब. त्या दिवशी मीच उशिरा आलो होतो जेवायला."

बाई त्याच्याकडे वळली. "मंग तवाच सांगायचं ना तसं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी दुसरी टाकली असती."

त्यावर कोर्टात कुणी हसलं नाही. मॅडमनी तडजोड नोंदवून घेतली, दोघांच्या सह्या झाल्या. त्याची मराठीत, तिचा अंगठा. अपिलाची मुदत संपल्यावर तवा परत करावा असा हुकूम झाला. पेरण्या उरकून जूनच्या शेवटी ती तो घ्यायला आली. कारकुनाने लेबल कापून तवा तिच्या हातात दिला. त्याला गंज चढला होता. तिने तो पदराने पुसला, बोटाने वाजवून पाहिला आणि पिशवीत घातला. माझ्यासाठी तिने फडक्यात बांधून नागलीचं पीठ आणलं होतं. भाकरी शीक, म्हणाली.

मे महिन्यात मॅडमची बदली झाली होती. बार रूममध्ये निरोपाचा चहा झाला. एरवी न्यायाधीश वकिलांशी मोकळेपणी बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्या निघायच्याच होत्या, आणि मी धीर करून त्यांच्या बाजूला उभी राहिले. मला लागलेला नियम त्यांना माहीत होता. त्यांनी विचारलं, किती राहिली तीन वर्षांतली? मी सांगितलं, आणि विचारलं की मॅडम, ही वर्षं वाया जातात असं तुम्हाला वाटतं का.

त्यांनी समोसा बशीत ठेवला. म्हणाल्या, "पहिल्या महिन्यात मला पुकारा म्हणजे काय तेही कळत नव्हतं. ती तीन वर्षं मीही केली, पण खुर्चीवर बसून. तुमचं बरं आहे. तुम्ही चुकलात तर तुमचे सर उठून बाहेर जातात. मी चुकले तर माणूस आत जातो."

मी त्यांना आणखी एक समोसा दिला.

घरी आता नियमाबद्दल कुणी बोलत नाही. वडिलांनी पदाच्या नावापुढे ‘तीन वर्षांनी’ एवढं जोडून घेतलंय, आणि फूलबाजारात त्याने काही बिघडलेलं नाही. क्लास मी सोडला नाही, रविवारी जाते. परवा तिथे ‘अ’ने गुन्हा कबूल केला असं उदाहरण होतं. बाकीच्यांचं पाच ओळींत झालं. मी अडून बसले, कारण फळ्यावर जीप किती वाजता सुटते ते लिहिलं नव्हतं. शिकवणाऱ्या सरांना वाटलं मला उत्तर येत नाही. मला ते पाठ होतं.

मॅडमच्या जागी नवे साहेब आलेत. दहा वर्षं वकिली करून मग या बाजूला आलेले. वकिलांचे सगळे डाव त्यांना ठाऊक आहेत. कुणी तारीख मागायला तोंड उघडण्याआधी ते नाही म्हणतात. बार रूम खूश आहे. सर म्हणतात, माणूस तयार आहे. मीही तेच म्हणते. फक्त कधी कधी एखादा म्हातारा पिंजऱ्यात अडखळतो आणि साहेब त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून लिहून घेतात, तेव्हा मी डायसकडे बघते. बहुतेक वेळा वाक्य बरोबर असतं.

त्यांच्या पहिल्या दिवशी बोर्ड तीन वाजताच संपला. मी कितीतरी दिवसांनी उन्हात घरी पोचले. आई शेवंतीच्या वाफ्यात पाणी फिरवत होती. तिने विचारलं, आज सुट्टी होती का. मी म्हटलं, नाही गं, साहेब नवीन आहेत, भराभर करतात. ती म्हणाली, बरं झालं, मग कोट काढ आणि हा पाइप धर जरा.